पोट्टे माझा व्हीआर गेम दोन मिनिटांत काहून सोडत होते

यवतमाळकडं गावातच बसून शंकरपटाचा (बैलजोडीच्या शर्यतीचा) व्हीआर गेम बनवला, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचा; आपण धुरकरी, बैलजोडी हाकायची, पण पोट्टे दोन मिनिटांत हेडसेट काढून ठेवत. विचारलं की "मस्त आहे भाऊ". मला वाटलं लेव्हल सोप्या आहेत, तीन आठवडे नवीन लेव्हल बनवण्यात घालवले, फुकट.

मग ओसरीत खुर्ची टाकली, पाच जणांना एकेक करून बसवलं, क्वेस्ट २ हेडसेटमधलं चित्र फोनवर कास्ट केलं, म्हणजे त्यांना दिसतं ते मलाही दिसावं, अन् सांगितलं, मनात येईल ते बोलत राहा. मी गप्प (हेच सगळ्यात अवघड). छकडा वळला की चुलतभावानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला, कपाळावरचा घाम पुसला अन् म्हणे "मळमळते बापा". म्हणजे कंटाळा नव्हताच! डोळ्यांना पळतोय असं दिसतं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं बसलोय, त्यातून हे होतं.

छकड्याचे हादरे गेममधल्या कॅमेऱ्यातून काढून कंट्रोलरच्या व्हायब्रेशनला दिले, वळताना नजरेच्या कडा काळ्या केल्या, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ७२ च्या खाली जाऊ दिला नाही. पुढच्या खेपेला चौघांनी पूर्ण पट मारला. पाचव्याला अजून गरगरतं, त्याच्यासाठी बाजूला उभं राहून पाहायचा मोड करतोय.