सोलर पूलचा सेन्सर चेक करायचाय? गच्चीवर चढायच्या आधी एवढं जमवून ठेवा

दिवाळी संपून सकाळी गार वारा सुटला की सोसायटीच्या ग्रुपवर 'पूल बर्फ झालाय, सोलर बंद आहे का' हा मेसेज येणारच, मग कोणीतरी कंट्रोलरच्या डिस्प्लेचा फोटो टाकतं, त्यात पॅनेलचं टेम्परेचर एकतर मायनसमध्ये नाहीतर दीडशेच्या वर, आणि खाली लगेच निकाल लागतो की सेन्सर गेला, नवीन मागवा. जरा थांबा. यात एक सेन्सर गच्चीवरच्या पॅनेलला असतो, दुसरा पूलच्या पाण्याच्या पाइपात, आणि पॅनेल पाण्यापेक्षा गरम झालं की कंट्रोलर पंप चालू करून पाणी पॅनेलमधून फिरवतो. माझ्या बघण्यात सेन्सर स्वतः फार कमी वेळा जातो, बहुतेक वेळा जातो तो गच्चीवरचा जॉइंट. आणि हे पाच मिनिटांत कळू शकतं, फक्त सामान आणि माणसं आधी जमवलेली हवीत, नाहीतर पंप रूम बेसमेंटला, पॅनेल अकराव्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये आख्खी सकाळ.

सगळ्यात आधी घरी बसूनच शोधायचं की आपला सेन्सर आहे कुठल्या जातीचा. पूलच्या कंट्रोलरला बहुतेक वेळा १० के थर्मिस्टर असतो, म्हणजे २५ डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स १० हजार ओहम, आणि गरम झाला की ओहम कमी होत जातात. काही कंट्रोलरला पीटी हजार (प्लॅटिनमचा सेन्सर, लिहिताना Pt1000) असतो, तो ० डिग्रीला बरोबर १००० ओहम आणि पुढे दर डिग्रीला साधारण ३.८५ ओहमने वाढत जातो. दोघांची चाल उलटी आहे, त्यामुळे हे माहीत नसेल तर पुढची सगळी मोजणी वाया. मॅन्युअल सापडत नसेल तर कंट्रोलरच्या झाकणाच्या आतला स्टिकर बघा, नाहीतर मॉडेल नंबरवरून काढा, आणि एका कागदावर आकडे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. १० केच्या नेहमीच्या कर्व्हला (म्हणजे कुठल्या डिग्रीला किती ओहम, तो आलेख) २० डिग्रीला साडेबारा हजार, ३० ला आठ हजार, ४० ला सव्वापाच हजार, ५० ला ३६०० च्या आसपास. पीटी हजारला २५ ला १०९७, ४० ला ११५५, ६० ला १२३२. हा कागद नंतर कंट्रोलरच्या दाराला आतून चिकटवून टाका, पुढच्या कमिटीला उपयोगी पडेल (कमिट्या बदलतात, कंट्रोलर तोच राहतो).

मग तक्रार खरंच सेन्सरची आहे का हे बघायचं. कंट्रोलर ऑटोवर आहे ना, कोणी मॅन्युअलला टाकून विसरलं नाही ना, सेट टेम्परेचर किती आहे. स्पर्धेचा पूल २५ ते २८ डिग्रीत ठेवतात, सोसायटीत लहान मुलं आणि आजी-आजोबा असतात म्हणून आपण २९ लावतो, पण उन्हाळ्यात कोणीतरी २५ करून ठेवलं असेल तर पाणी २५ ला पोचल्यावर पंप बंदच होणार, त्यात बिचाऱ्या सेन्सरचा काय दोष. आणि रात्री पंप चालू दिसला की लगेच बोंब मारू नका, काही कंट्रोलरना उन्हाळ्यात रात्री पॅनेलमधून पाणी फिरवून पूल गार करायचा ऑप्शन असतो, तो मे महिन्यात चालू केलेला तसाच राहिलेला असू शकतो. तो बंद आहे आणि तरीही अंधार पडल्यावर पंप धावतोय, तर मात्र गच्चीवरचा सेन्सर जास्त गरम किंवा पाण्याचा सेन्सर जास्त गार दाखवतोय. उलट भर दुपारी पॅनेलला हात लावला तर चटका बसतोय आणि पंप ढिम्म, तर गच्चीवरचा गार दाखवतोय. थर्मिस्टरच्या बाबतीत गार दाखवणं म्हणजे कुठेतरी जॉइंट गंजलाय आणि ओहम वाढलेत, गरम दाखवणं म्हणजे वायरमध्ये पाणी शिरून दोन तारांमध्ये लीकेज आहे. पावसाळ्यानंतर दुसरा प्रकार, थंडीपर्यंत ते पाणी सुकून गंज चढला की पहिला. वायर पूर्ण तुटली की मायनस, पूर्ण शॉर्ट झाली की दीडशे. पीटी हजारला हे सगळं उलटं वाचायचं.

सामानात मल्टिमीटर, आणि त्यात नवीन बॅटरी, हे मी मुद्दाम सांगतोय कारण बॅटरी उतरली की बरेच स्वस्त मीटर बंद पडत नाहीत, आकडे चुकीचे दाखवत बसतात. क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी घ्या, कारण प्रोबची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली तर आपल्या अंगाचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो, आणि सकाळी हात ओले असले तर १० केचं रीडिंग सरळ खाली येतं. बारीक स्क्रू ड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, टॉर्च, नंबर लिहायला मास्किंग टेप आणि पेन. एक साधा डिजिटल थर्मामीटर, पाऱ्याचा काचेचा पूलजवळ नेऊच नका. थर्मासमध्ये बर्फ. आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत चक्कर झालीच तर १० के ओहमचे एक टक्कावाले रेझिस्टर घेऊन या, तपकिरी काळा काळा लाल तपकिरी असे पट्टे असतात, पाचेक घ्या, किरकोळ किमतीत मिळतात. पीटी हजारवाल्यांनी १ केचे घ्यावेत. हा रेझिस्टर कंट्रोलरच्या सेन्सर टर्मिनलला लावला की डिस्प्लेवर २५ डिग्रीच्या जवळपास यायला हवं (पीटी हजारला १ के लावला तर ०), आलं की कंट्रोलर ठणठणीत आणि दोष वायरीच्या बाजूला, नाही आलं तर गच्चीवर जायचं कामच नाही. एवढ्याशा तुकड्याने अर्धं भांडण मिटतं, तरी आणत कोणीच नाही.

माणसं दोन लागतात, एक पंप रूममध्ये आणि एक गच्चीवर. बेसमेंटला रेंज नसेल तर वॉचमनकाकांचा वॉकीटॉकी मागून ठेवा. गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच घ्या. गुरुवार टाळा, आपल्याकडे लाइटवाल्यांची आणि पाणीवाल्यांचीही दुरुस्ती बहुतेक गुरुवारीच असते. वेळ सूर्य वर यायच्या आधीची, कारण तेव्हा पॅनेल आणि हवा जवळपास एकाच टेम्परेचरला असतात, थर्मामीटर १४ म्हणतोय आणि गच्चीचा सेन्सर ३१, तर कोण खोटं बोलतंय ते लगेच दिसतं. पाण्याच्या सेन्सरसाठी मात्र आधी पंप दहा-पंधरा मिनिटं चालवा, तो पाइपमध्ये असतो, पंप बंद असताना पाइपात साचलेल्या पाण्याचं टेम्परेचर दाखवतो आणि आपण पूलच्या पाण्याशी तुलना करत बसतो.

आता लाइटचं. कंट्रोलरच्या डब्यात सेन्सरच्या वायरी साध्या कमी व्होल्टेजच्या असल्या तरी दोन बोटं बाजूला पंपाचे २३० व्होल्ट असतात. एमसीबी खाली, टेस्टरने खात्री, मगच झाकण. इलेक्ट्रिशियन बोलावणार असाल तर त्याला आधीच सांगा की सेन्सरची वायर कंट्रोलरला जोडलेली असताना मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा नाही, त्याचे ५०० व्होल्ट आत गेले की मग कंट्रोलरच नवीन घ्या. उघडल्यावर पहिला फोटो, मग वायरींवर नंबर, मग सोडवणं. जोडलेल्या सेन्सरचे ओहम मोजले तर कंट्रोलरचं सर्किटही मध्ये येतं, म्हणून सोडवूनच मोजायचं. रेझिस्टर लावून डिस्प्ले बघायला परत चालू करावं लागतं, तेव्हा झाकण लावून, हात बाहेर. रेझिस्टर नसेल तर दोन सेन्सरच्या वायरी आपापसात बदला, दोन्ही एकाच जातीचे असतील तरच. चूक वायरीबरोबर दुसऱ्या जागेवर गेली तर वायर किंवा सेन्सर, तिथेच राहिली तर कंट्रोलर.

पंप रूममध्ये अजून एक गोष्ट बघून ठेवा, कंट्रोलरच्या खाली क्लोरीनचा ड्रम ठेवलेला आहे का. त्या वाफेने टर्मिनलचे स्क्रू हिरवे-पांढरे होतात. आणि त्याच खोलीत ॲसिडचे कॅनही असतील तर सेन्सर राहू द्या, आधी ते वेगळे करा, दोन्ही एकत्र सांडलं तर विषारी गॅस होतो.

दोष वायरीकडे निघाला तरच वर जायचं. वरच्याने सेन्सरचा जॉइंट सोडवून वायरीची दोन टोकं एकमेकांना जोडायची, खालच्याने मोजायचं, फक्त काही ओहम यायला हवेत. मग टोकं लांब करायची, खाली मीटरवर काहीच यायला नको. दोन्ही जमलं तर वायर चांगली. अर्धा स्क्वेअर एमएमची वायर ६० मीटर असेल तर जाऊन-येऊन चार ओहमच्या आसपास येतात, १० केला त्याने काही फरक पडत नाही, पीटी हजारला मात्र एखादा डिग्री जास्त दिसतो, तेवढ्यासाठी कंट्रोलरमध्ये ऑफसेट (रीडिंग थोडं कमी-जास्त करायची सेटिंग) असतो, तो याच कामाला वापरा, गंजलेला जॉइंट झाकायला नको. रीडिंग स्थिर नसून सारखं उड्या मारत असेल तर सेन्सरची वायर पंपाच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेलीय का ते बघा.

जॉइंट उघडाल तेव्हा काय दिसेल ते सांगतो. काळी टेप उन्हाने वितळून चिकट गोळा झालेली, आत तांब्यावर हिरवी पूड, दोन तारा नुसत्या पिळलेल्या, कधी मुंग्यांची अंडी. म्हणून वर जातानाच सोल्डर गन आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, किंवा जेल भरलेले कनेक्टर, आणि एक छोटा वॉटरप्रूफ डबा न्यायचा, वायर डब्यात खालून घालायची म्हणजे पाणी उतरून आत जात नाही. नुसती टेप गुंडाळून खाली आलात तर पुढच्या गणपतीत परत भेटू.

वर असतानाच सावली बघा. पुण्यात मे महिन्यात एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावलीच पडत नाही, पण डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेला जेमतेम ४८ डिग्रीवर असतो, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली जवळजवळ टाकीच्या उंचीएवढी लांब उत्तरेला पडते. उन्हाळ्यात लख्ख उन्हात बसवलेला सेन्सर नेमका थंडीत, जेव्हा पूल तापवायची खरी गरज असते तेव्हाच, सावलीत जातो आणि कंट्रोलरला वाटतं पॅनेल गार आहे. अशा वेळी मीटरवर सगळं बरोबर येतं आणि माणसं डोकं धरून बसतात. उपाय एवढाच, सेन्सर काढून जिथे पॅनेलला दिवसभर ऊन मिळतं तिथे बसवायचा, केबल टायने घट्ट, लोंबकळता नाही.

शेवटी सेन्सरच खराब निघाला तर नवीन आणताना १० के एवढंच सांगून चालत नाही, कर्व्हही तोच हवा. बर्फाच्या पाण्यात एक १० के साडेबत्तीस हजार दाखवतो आणि दुसऱ्या कर्व्हचा साडेएकोणतीस, दोघंही २५ ला मात्र १० हजारच. म्हणून तो थर्मासमधला बर्फ. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळून पाच मिनिटं सेन्सर त्यात, मग ओहम. उकळत्या पाण्याची टेस्ट करू नका, पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं, आणि बऱ्याच सेन्सरचं प्लास्टिक तेवढं सोसतही नाही. एकाऐवजी दोन घ्या, दोन्ही बर्फात तपासून एक बसवा आणि दुसरा पिशवीत घालून, पिशवीवर तारीख आणि बर्फातले ओहम लिहून कंट्रोलरच्या डब्याजवळ टांगा. सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये ठेवलात तर सापडणार नाही.