सही घेतलेल्या पत्त्याची जादू करताय? या चुका टाळा

प्रेक्षकाने सही केलेलं पान कॅटच्या मधे घालायचं आणि ते पुन्हा सगळ्यात वर निघतं, अशी ही जादू. हल्ली नवीन मुलं रील बघून डबल लिफ्ट (दोन पानं एकच असल्यासारखी उचलण्याची हातचलाखी) शिकतात, चार दिवस आरशासमोर करतात आणि लगेच लग्नघरात कॅट बाहेर काढतात. डबल लिफ्टबद्दल माझी तक्रार नाही, ती सरावाने येते. तक्रार आहे ती सहीबद्दल. बँकेत फॉर्मवर घेतात तशी "इथे सही करा" म्हणून उरकून टाकतात, आणि अरे, तीच तर अख्खी जादू आहे! नुसतं पान मधे घातलं आणि वर आलं तर कोणीही म्हणणार की तुझ्याकडे सारखी दोन पानं आहेत. 1922 साली शिकागोमधे डाय व्हर्नन या जादूगाराने प्रसिद्ध जादूगार हुडिनीला हीच जादू दाखवली. हुडिनी म्हणायचा की कुठलीही जादू मला तीनदा दाखवा, मी ओळखतो. त्याच्याच हातची आद्याक्षरं त्या पानावर होती, आणि पुन्हा पुन्हा बघूनही त्याला ते उलगडलं नाही. दुसरं पान असेल हा संशय घ्यायला जागाच राहिली नव्हती.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शाई वाळू न देणं. पत्त्यांवर कोटिंग असतं, साध्या कागदासारखी शाई त्यात मुरत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने साखरपुड्यात ही जादू केली. नवऱ्यामुलीने चौकट तिर्रीवर छान ठळक नाव लिहिलं, याने पान घेतलं आणि मार्कर खिशात ठेवायला हात मोकळा हवा म्हणून ते तसंच कॅटवर पालथं ठेवलं. चार-पाच सेकंदच, पण पान उचलून मधे सरकवलं तेव्हा खालच्या पत्त्याच्या पाठीवर, लाल नक्षीच्या पांढऱ्या कडेला, तेच नाव उलटं उमटलेलं, वेलांटीसकट. समोर बसलेल्या मावसभावाने लगेच दाखवलं, "ताई, तुझं नाव इकडे पण आहे." त्यानंतर सगळ्यांचं लक्ष पानांच्या पाठीवर, पुढची एकही चाल नीट झाली नाही. मुलगा म्हणाला मार्कर खराब होता. मार्कर उत्तम होता, घाई नडली.

माझी सवय अशी की सही झाल्यावर मी पान परत घेतच नाही. "कडेने धरा, फुंकर मारा, मागे काकू बसल्यात त्यांनाही दाखवा," असं सांगतो आणि तेवढ्यात टोपण लावून मार्कर खिशात टाकतो. पान माझ्याकडे येईपर्यंत शाई वाळलेली असते आणि सही चार जणांनी नीट वाचलेली असते, म्हणजे शेवटी पान निघाल्यावर ओरडणारे पण चार जण. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवा दमट असते तेव्हा दुप्पट वेळ द्या. गप्पा मारा, कोणी पळून जात नाही.

दुसरी चूक पेनाची. व्हाइटबोर्ड मार्करची सही अंगठा लागला की पुसली जाते. जेल पेन कोटिंगवर वाळता वाळत नाही. बॉलपेन तर सगळ्यात वाईट, दाबून लिहिलं की पानावर चर पडते आणि ते पाठीवरूनही दिसतं, मग सहीला अर्थ काय उरला? बारीक टोकाचा काळा परमनंट मार्कर घ्या, घरातून निघण्याआधी जुन्या पत्त्यावर एक रेघ ओढून बघा, आणि देताना टोपण काढून द्या. पूर्ण प्लास्टिकचे रमीचे पत्ते यासाठी वापरूच नका, त्यावर परमनंट शाईसुद्धा नीट धरत नाही.

राजा-राणी-गुलामावर सही घेऊ नका, चित्रात ती हरवते. बायसिकल ब्रँडच्या पत्त्यांत इस्पिक एक्क्यावरही मोठी नक्षी असते. मी चित्रांची बारा पानं कॅटच्या तळाशी ठेवतो आणि पान निवडायला पंखा वरच्या भागाचाच उघडतो. दुर्री मिळाली तर सोनं, मधला भाग अख्खा मोकळा.

आणि सही म्हणजे बँकेतली सही नको. आपल्याकडे लोक इंग्रजीत एक भोवरा काढतात, तो शेजारच्याला ओळखता येत नाही. "तुमचं नाव लिहा, मोठं, मराठीत, आणि बाजूला काहीतरी छोटं चित्र काढा," असं मी सांगतो. लहान मुलं मांजर काढतात, आजोबा ओम काढतात. असं पान पुन्हा बाहेर आलं की ते त्यांचंच, त्यात वादच नाही.

बारीकसारीक पण रोज दिसणाऱ्या चुका: "पानावर" म्हणून मोकळे होऊ नका, "पुढच्या बाजूवर, आकडा दिसतो तिकडे" असं बोटाने दाखवा, नाहीतर कोणीतरी पाठीवर लिहितं आणि खेळ तिथेच संपतो. चाल करताना स्वतःच्या हाताकडे बघू नका, तुम्ही जिकडे बघाल तिकडेच लोक बघतात. "परत दाखव" म्हटलं की लगेच तेच परत नको, दुसरं काहीतरी करा.

शेवटी पान प्रेक्षकाला देऊन टाका. वाचवायचं म्हणून परत मागणारे बघितलेत, मला ते अजिबात पटत नाही, माणूस ते पाकिटात जपून ठेवतो. कॅट 51 पानांची झाली तर घरी त्याच रंगाच्या जुन्या कॅटमधून नेमकं तेच पान काढून भरा, आणि भरताना सगळी पानं एकदा मोजा. घाईत भलतंच पान भरलं की पुढच्या कार्यक्रमात दोन बदाम सत्त्या निघतात.