कन्सल्टंटच्या जाहिरातीत ९:१ दिसलं तर थांबा

ब्रिटनमध्ये कन्सल्टंट, म्हणजे सर्वांत वरच्या पदाचा तज्ज्ञ डॉक्टर, व्हायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, जाहिरात कुठली? इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स की उत्तर आयर्लंड? एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) एकच, मग फरक काय पडतो, असं बहुतेकांना वाटतं. जीएमसीचं, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, स्पेशालिस्ट रजिस्टर (तज्ज्ञांची यादी) चारही ठिकाणी एकच, त्यात नाव नसेल तर कायमची जागा नाही. त्यापुढचं मात्र वेगळं आहे.

मी ठेचकाळलो तो करारात. स्कॉटलंडमधली पहिली जागा पगार आणि गाव बघून घेतली. जॉब प्लॅनमध्ये, म्हणजे आठवड्याच्या कामाच्या आराखड्यात, ९:१ लिहिलं होतं, त्यावरून नुसती नजर फिरवली आणि सही केली. काम पीए या एककात मोजतात: आठवड्याचे १० पीए, आणि दिवसाच्या वेळेतला एक पीए म्हणजे ४ तास. पहिला आकडा रुग्णसेवेचा. दुसरा एसपीएचा, म्हणजे शिकवणं, उपचारांचं ऑडिट, अप्रेझल, स्वतःचा अभ्यास यांचा. या सगळ्याला मिळून आठवड्यात ४ तास! रिव्हॅलिडेशनचे, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना चालू ठेवण्याचे, कागद दोन वर्षं मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचो आणि मुलीला पोहायला बायको एकटी न्यायची. वेल्सच्या करारात ही विभागणी साधारण ७:३ असते, इंग्लंडमध्ये ७.५:२.५ किंवा ८:२. एसपीए वाढवून मागायचा तो सहीआधी. मी नंतर मागितला, मिळाला नाही. आपली मंडळी घरभाडं, मुलांची शाळा सगळं खोदून विचारतात, एवढं एकच विचारत नाहीत.

निवड समितीचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या नियमांप्रमाणे समितीत रॉयल कॉलेजचा, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या संस्थेचा, प्रतिनिधी असतो. फाउंडेशन ट्रस्टना (एनएचएसमधल्या जास्त स्वायत्त रुग्णालय-संस्थांना) ते नियम बंधनकारक नाहीत, बरेच तरीही पाळतात. तेव्हा पॅनेलवर कोण आहे ते विचारून घ्या. स्कॉटलंडमध्ये बाहेरचा सल्लागार राष्ट्रीय यादीतून येतो. उत्तर आयर्लंडमध्ये छाननी अर्जावरच होते, म्हणून प्रत्येक निकषापुढे तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा.

आणि मुलाखतीआधी त्या विभागात भेटायला जा. आपल्या लोकांना हा वशिला वाटतो, भिडेपोटी ते फोनच करत नाहीत. समितीतल्या कुणाकडे शब्द टाकलात तर अर्ज बाद होऊ शकतो, हे खरं. पण अनौपचारिक भेटीसाठी जाहिरातीत जे नाव-नंबर दिलेले असतात, ते फोन करण्यासाठीच असतात. एका ठिकाणी मी असाच गेलो. सेक्रेटरीच्या खोलीत भिंतीवर ऑन-कॉलचा रोटा (पाळ्यांचा तक्ता) टाचलेला होता. आठ ओळी, त्यातल्या तीन ओळींत नावाच्या जागी ‘लोकम’, म्हणजे तात्पुरता डॉक्टर. कधीपासून, म्हणून विचारलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, दीड वर्ष. मी अर्ज केला नाही.

जाताना जॉब प्लॅन छापून न्या. एसपीएच्या ओळीवर बोट ठेवून विचारा आणि जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी ईमेलवर त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.