सोरायसिस आहे? घरचे उपाय करा, पण असे

आईला 12 वर्षं सोरायसिस (त्वचेवर लाल, कोंडा धरणारे चट्टे उठण्याचा आजार) आहे, त्यामुळे घरचे उपाय जवळजवळ सगळे करून झालेत. डॉक्टरांचं औषध बंद करून काहीही करू नका, हे सगळं त्याच्या जोडीला करायचं.

सगळ्यात उपयोगी खोबरेल तेल. कोमट पाण्याने पाचेक मिनिटांत अंघोळ उरकायची, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच तेल लावायचं, आईच्या कोपरावरचा पांढरा कोंडा आठवड्याभरात मऊ पडतो आणि मग आपोआप सुटतो. नखाने काढू नका हं, जिथे कातडी सोलली जाते तिथे नवा चट्टा उठू शकतो. खाज फार असेल तर ओट्स मिक्सरला बारीक करून अंघोळीच्या पाण्यात टाका. सकाळचं ऊन 10 मिनिटं, भाजेपर्यंत नाही.

एक गंमत, पूर्वी गोवा पावडर म्हणून त्वचेला लावायचे ती मुळात ब्राझीलच्या झाडाची, पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली आणि तिच्यातल्या द्रव्यावरूनच 1916 मध्ये डिथ्रेनॉल हे सोरायसिसवर लावायचं औषध बनलं, म्हणजे झाडपाला सगळाच फालतू नसतो.

पण लेबल नसलेली पुडी आणि डबीतलं मलम घेऊच नका!! काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवसांत त्वचा चकाचक होते आणि बंद केलं की दुपटीने उसळतं. आईचं तसंच झालं होतं, पाठ पूर्ण लाल. गुळवेलसुद्धा मनाने सुरू करू नका, लिव्हरला त्रास झालेले पेशंट आहेत, आणि मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवरचं एक औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.