कॉमिक्स लिहिताय? स्क्रिप्टमधल्या आणि करारातल्या या चुका टाळा

कॉमिक्सची स्क्रिप्ट वाचकाच्या हाती पडतच नाही. ती वाचतो चित्रकार. हे विसरलं की पुढच्या बहुतेक चुका होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका चौकटीत तीन कृती कोंबणं. ‘ती दार उघडते, टेबलावरचं पत्र उचलते आणि वाचून मटकन खाली बसते.’ कथेत चालेल, पण चौकट म्हणजे गोठलेला एकच क्षण. यातला कुठला काढायचा, हे मग चित्रकार ठरवतो आणि उरलेलं गळतं. याच्या तीन चौकटी करा: कडीवर हात, अगदी जवळून पत्र, जमिनीवर बसलेली ती, पत्र अजून मुठीत. मधलं वाचक आपणहून जोडतो. पानाला ५-६ चौकटी पुरे. ९ झाल्या की आधी पार्श्वभूमी जाते, मग चेहऱ्यांवरचे भाव.

संवादांचे फुगे हे दुसरं दुखणं. इंग्रजीत फुग्याला साधारण २५ आणि चौकटीला ३५ शब्द असा जुना हिशोब आहे. मराठीत मात्रा-उकारांमुळे दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते, म्हणून फुगा १५-२० शब्दांतच आटपा. जो आधी बोलतो तो डावीकडे हवा, आणि हे स्क्रिप्टमध्येच लिहा. नाहीतर फुग्यांच्या शेपट्या (बोलणाऱ्याकडे वळलेली टोकं) एकमेकींना छेदतात, आणि तोवर पेन्सिलीच्या चित्रावर शाई फिरलेली असते.

रहस्य उजव्या, म्हणजे विषम पानावर फोडू नका; डावीकडचं पान वाचतानाच नजर तिकडे जाते. रहस्य पान उलटल्यावर, सम पानावर फुटायला हवं. मध्ये एका पानाची जाहिरात आली तर हे गणित कोलमडतं, तेव्हा जाहिरातींच्या जागा संपादकाला आधीच विचारा.

संपादकाला ३०० पानांच्या महागाथेचा आराखडा पाठवू नका. चित्रांसह पूर्ण झालेली ८ पानांची गोष्ट पाठवा.

आणि करार. सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क प्रकाशकाला १३० डॉलरना देऊन टाकले. सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा: पात्र कुणाच्या मालकीचं, चित्रपट-खेळण्यांत वाटा किती, आणि पुस्तक छापणं थांबलं तर हक्क परत कधी मिळतात. चित्रकार मित्र असला तरी मालकीची टक्केवारी आणि त्याने काम अर्ध्यावर सोडलं तर काय, हे पहिलं पान काढायच्या आधी कागदावर आणा.