ऑक्सिजनवरचा पेशंट घरी आणण्याआधी

डिस्चार्जची तारीख कळली की घरातले सगळे पलंग-गादीच्या मागे लागतात. ते होईल. आधी डॉक्टरांकडून तीन आकडे कागदावर लिहून घ्या: मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास आणि ऑक्सिमीटरवर किती ते किती चालेल. हा तिसरा हमखास विचारायचा राहतो. सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना बहुधा ८८ ते ९२ टक्केच ठेवायला सांगतात. तिथे ९९ दिसावं म्हणून कुणी मायेपोटी नॉब फिरवला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, चला, झोप लागली.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, मिनिटाला ५ लिटरचा की १० चा, हे पहिल्या आकड्यावर ठरेल. तो खोलीतलीच हवा ओढून नायट्रोजन बाजूला काढतो, म्हणून भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, पडद्याआड तर नकोच. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटात. फ्लोमीटर म्हणजे किती लिटर जातंय ते दाखवणारी उभी नळी; तिच्यातली गोळी डोळ्यांच्या पातळीत आणून वाचा. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, दोन रेघांच्या मधोमध, रोज ताजं. या बाटलीचं झाकण फार दगा देतं. आमच्याकडे पहिल्याच रात्री आटे तिरके बसले. मशीन घरघरतंय, गोळी २ वर स्थिर आणि बाबांच्या बोटावर ८४! हवा सगळी झाकणातून जात होती. तेव्हापासून नळीचं टोक पेलाभर पाण्यात धरायचं, बुडबुडे दिसले की पुसून नाकाला लावायचं.

वीज जाणार, हे धरूनच चाला. १० लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर १५० बारला भरला की साधारण १५०० लिटर ऑक्सिजन होतो. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. मी दहाच धरतो. चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, सिलिंडर भिंतीला साखळीने. रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून ऑक्सिजन सोडणारा भाग) लावायची तालीम रात्री घरात असणाऱ्याने करायची, दुकानातून आणणाऱ्याने नव्हे. तेलकट हात त्याला लावायचे नाहीत. खोलीत बिडी-सिगरेट, ज्योत, शेगडी काही नको. कोरड्या नाकाला व्हॅसलीन नको, पाण्याचं जेल चालतं. कानामागे नळी काचते, तिथे गॉझची घडी.

बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) असेल तर मास्क दवाखान्यातच दोन रात्री लावून बघा. पट्टे करकचून आवळले की नाकाच्या हाडावर जखम होते. मास्कची बारीक भोकं गळती समजून चिकटपट्टीने बुजवू नका, उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. नाक-तोंड झाकणारा मास्क पेशंटला स्वतः काढता यायला हवा, नाहीतर शेजारी कुणीतरी हवं. उलटी सांगून येत नाही.

शेवटी भिंतीवर एक कागद: डॉक्टर, अँब्युलन्स, सिलिंडरवाला यांचे नंबर. त्याखाली लगेच फोन करायच्या खुणा लिहा: ओठ निळसर, वाक्य पुरं होत नाही, सकाळी डोकं जड, हाक मारली तर बरळतोय. अक्षर एवढं मोठं, की रात्री चष्मा न शोधता वाचता येईल.