चवथीआधी घरी केस रंगवताय? आधी या चुका टाळा

घरी केस रंगवायला माझी मुळीच हरकत नाही. फोंड्यात पार्लर चालवणाऱ्या बाईनं हे म्हणावं याचं काही जणींना नवल वाटतं, पण मुळाशी डोकावणारे पांढरे केस झाकायला दर महिन्याला पार्लरची पायरी चढायलाच हवी असं थोडंच आहे? हरकत आहे ती घाईला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावच्या घरी सगळं कुटुंब जमणार म्हणून आदल्या संध्याकाळी बाजारातून डायचा खोका आणायचा, रात्री जेवणं आटोपल्यावर तो डोक्याला फासायचा आणि सकाळी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या वेळी मला फोन करायचा. दर वर्षी हेच. खोक्यावरच्या बाईचे केस सगळ्यांनी नीट पाहिलेले असतात. आपल्या केसांवर आजवर काय काय लागलंय, ते मात्र कोणी आठवून पाहत नाही. बिघडतं ते तिथेच.

काळ्या डायवर फिका रंग चढवणं

सगळ्यात जास्त अश्रू मी या एका चुकीपायी पाहिलेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पर्मनंट कलरमध्ये दोन गोष्टी असतात, ट्यूबमधली क्रीम आणि बाटलीतला डेव्हलपर. क्रीममधला अमोनिया केसाचं वरचं आवरण उघडतो. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसातला नैसर्गिक रंग थोडा उतरवतं आणि त्याच वेळी आत नवा रंग तयार करतं. हे सगळं होतं ते तुमच्या जन्माच्या रंगावर. वर्षभरापूर्वी लावलेल्या काळ्या डायवर ते होत नाही. डायनं डाय उतरत नाही, हे वाक्य माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून मी पहिल्याच दिवशी पाठ करून घेते.

मागच्या लग्नसराईत एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. पाण्यात कालवायची काळी पावडर ती दोन-तीन वर्षं लावत होती, आणि आता चुलत बहिणीच्या लग्नात तिला ॲश ब्राउन, म्हणजे राखाडी झाकेचे तपकिरी केस हवे होते. आधी तिनं 7.1 नंबरचा, म्हणजे बऱ्याच फिक्या राखाडी रंगाचा खोका लावला. काळ्या भागावर ढिम्म फरक पडला नाही, फक्त नवीन उगवलेली मुळं तांबूस झाली. तिथे थांबायचं सोडून तिनं दुसऱ्या दिवशी ब्लीच पावडर आणि 40 व्हॉल्यूमचा, म्हणजे अगदी कडक डेव्हलपर आणला, टाळूपासून खाली लेप दिला आणि वरून प्लास्टिकची टोपी घातली.

ओढणी सोडली तेव्हा डोक्यावर तीन पट्टे होते. मुळाशी अबोलीच्या गजऱ्यासारखा भडक केशरी, मध्ये डागाडागांचा विटकरी, आणि टोकांना तोच जुना काळा. यात गूढ काही नाही. मुळाजवळच्या केसांवर डाय नव्हता आणि टाळूची ऊब होती, त्यामुळे तिथला रंग भराभर उतरला. आपल्या काळ्या केसांचा रंग उतरताना आधी लाल, मग केशरी, मग पिवळा असाच उतरतो. टोकांवर मात्र दोन-तीन वर्षांच्या डायचे थर होते, ते ब्लीचलाही दाद देईनात.

आई म्हणाली, "ताई, आता यावर काळाच मारा आणि मोकळं करा." मी कानामागची एक बट ओली करून बोटांत धरली आणि हलकीच ओढली. चांगला केस थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. हा ताणतच गेला आणि तुटला. "वहिनी, आज या केसांना पाण्याशिवाय काही लागणार नाही," मी म्हटलं. त्या दिवशी फक्त टोकं कापली. पुढचे काही आठवडे ती कंडिशनरचे मास्क लावून गेली, त्यानंतर कमी ताकदीच्या डेव्हलपरमध्ये गडद तपकिरी रंग दिला. लग्नात तिनं आंबाडा घालून वर दोन गजरे माळले, आणि ॲश ब्राउनचं नाव पुन्हा काढलं नाही.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमचे केस 30 सेंटिमीटर लांब असतील तर टोकं दोन वर्षांहून जुनी आहेत, आणि त्या दोन वर्षांत लावलेलं सगळं अजून तिथेच आहे. मेंदी असो, पावडर असो, केस सरळ करायचं स्मूदनिंग असो. म्हणून माझी सवय अशी की रंग निवडायच्या आधी कागदावर लिहायचं: काय लावलं, साधारण कधी, कुठवर. मग मानेजवळची, आतल्या बाजूची एक बारीक बट घ्यायची, तिच्यावर रंग पूर्ण वेळ ठेवून धुवायचा आणि वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहायचा. बाथरूमच्या दिव्याखाली सगळेच रंग सुंदर दिसतात. ती बट जशी दिसेल तसंच डोकं दिसणार आहे. नाही आवडली तर खोका परत कपाटात ठेवा, नुकसान फक्त पैशांचं.

केस काळ्याचे फिके करायचे असतील आणि त्यांवर आधीचा डाय असेल तर ते काम घरी करू नका. माझ्याकडेच या असं म्हणत नाही, पण ज्याला रोजची सवय आहे अशा कोणाच्या तरी हातून करून घ्या. आणि ते एका बैठकीत करून देतो म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

डेव्हलपर जितका कडक तितका चांगला, हा समज

10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. पांढरे केस झाकायला 20 पुरतो. घरी त्याच्या वर जायचं काही कारणच नाही. कडक डेव्हलपर वेळ वाचवत नाही, टाळू भाजतो.

नंबर न वाचणं

टिंबाआधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो: 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, .1 राखाडी, .3 सोनेरी, .4 तांब्याची. आपल्यापैकी बहुतेकांचे केस 1 ते 3 मध्ये बसतात. 20 व्हॉल्यूमनं जेमतेम एक-दोन पायऱ्या चढता येतं. म्हणजे 2 नंबरच्या केसांवर 7 लावून खोक्यावरच्या चित्रासारखं व्हायचं नाही, उन्हात जरा तांबूस दिसेल इतकंच. एक-दोन पायऱ्यांच्या आत राहा, मन खट्टू होणार नाही.

पॅच टेस्ट टाळणं आणि "आम्ही मेंदीच लावतो" म्हणणं

या दोन चुका मी मुद्दाम एकत्र घेतेय, कारण आमच्या गोव्यात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

खऱ्या मेंदीचा रंग एकच, केशरी-तांबडा. मेंदी काळी नसते. जिच्या पाकिटावर काळी मेंदी असं लिहिलंय तिच्यात एकतर निळीच्या झाडाची पावडर असते किंवा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमिन. तेच रसायन बहुतेक काळ्या आणि तपकिरी डायमध्येही असतं. "अमोनिया नाही" असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या खोक्यातही पीपीडी असू शकतं. अमोनियाचा आणि त्याचा संबंध नाही. मागच्या बाजूचं बारीक वाचा.

आता किनाऱ्याचं सांगते. कळंगुट-बागाच्या बाजूला वाळूवर बसून काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात. तासाभरात गडद काळा होणारा टॅटू मेंदीचा नसतो, त्यात पीपीडी असतं. युरोपात केसांच्या डायमध्ये पीपीडीला 2 टक्क्यांची मर्यादा आहे. या टॅटूंत किती घातलंय ते मोजायला तिथे कोणी नसतं, आणि ते थेट कातडीवर दिवसभर राहतं. त्यातून एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर सोबत राहते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं मैत्रिणींबरोबर मजेत मनगटावर असा विंचू काढून घेतला होता. तिथे खाज आली, फोड आले, नंतर विंचवाच्या आकाराचा वळ राहिला, आणि सगळे ते विसरून गेले. पुढे शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या आधी त्यानं घरी केस काळे केले. पॅच टेस्ट, म्हणजे आधी कातडीवर थोडा रंग लावून पाहणं, केली नाही, कारण मेंदी तर आपण लावलेली आहे, काही झालं नाही, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डोळे उघडता येईनात. पापण्या, कपाळ, कान, सगळं सुजलेलं. घरच्यांनी आधी ताक लावलं, मग कोरफड, यात अर्धा दिवस गेला. शेवटी इस्पितळात नेलं तेव्हा औषधानं सूज उतरायला लागली. तो वाचला, पण आता कुठलाही साधा काळा डाय त्याच्यासाठी कायमचा बंद.

म्हणून 48 तास आधी पॅच टेस्ट. दर वेळी, तोच खोका असला तरी. ॲलर्जी पहिल्याच वेळी होते असं नाही, दहा वर्षं वापरलेल्या डायचीही होते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, खोक्यातल्या पत्रकात सांगितलंय त्या पद्धतीनं थोडं लावा आणि दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली, फोड, यातलं काहीही दिसलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही. कधी काळ्या टॅटूनं कातडी भाजली असेल तर घरी टेस्टही करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, त्वचारोग विभाग आहे. आणि रंग लावल्यावर चेहरा, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर कोरफड शोधत बसू नका, 108 ला फोन करा.

ज्यांना दोन दिवस थांबवत नाही त्यांनी घरी केस रंगवू नयेत. हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

मेंदीची आणखी एक गोष्ट. स्वस्त पाकिटांत कधीकधी धातूंचे क्षार मिसळलेले असतात, आणि असे केस पेरॉक्साइडला भेटले की तापतात, प्रसंगी वाफ येते. शंका असेल तर विंचरून गळलेले थोडे केस काचेच्या वाटीत घ्या, त्यांवर 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणि अमोनियाचे थोडे थेंब घाला आणि अर्धा तास पाहा. वाटी गरम झाली, फेस आला किंवा केसांचा रंग भलताच झाला तर रंगाचा विचार सोडा, ते केस वाढून कापले जाईपर्यंत.

बाकीच्या, थोडक्यात

स्टीलच्या वाटीत कालवू नका, काचेची किंवा प्लास्टिकची घ्या.

उरलेला कालवलेला रंग झाकण लावून ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुटू शकते. टाकून द्या.

रंगवायच्या दिवशी डोकं खसाखसा धुऊ नका. टाळूचं तेल थोडं असू द्या. टाळूला खरचटलं असेल तर रंग पुढे ढकला.

दर महिन्याला मुळापासून टोकांपर्यंत रंग लावणाऱ्या काकू मला रोज भेटतात आणि टोकं का काळीठिक्कर, कोरडी झाली म्हणून विचारतात. नवीन वाढलेल्या मुळांनाच लावा. टोकांवरून शेवटची पाच मिनिटं फणी फिरवली तरी पुष्कळ.

पांढरे केस चिवट असतात, कानशिलांवरचे तर सगळ्यात चिवट. तिथून सुरुवात करा आणि पत्रकातली पूर्ण वेळ द्या. पंधरा मिनिटांत "काळं दिसतंय" म्हणून धुणाऱ्यांचे केस आठवड्यात पुन्हा पांढरे दिसतात. दिसतो तो रंग वरवरचा असतो, आत तो अजून तयार होत असतो.

कमरेपर्यंतच्या केसांना एक खोका पुरत नाही. अर्ध्या डोक्यावर रंग संपला की दुकानही बंद झालेलं असतं.

काकालोकांनो, डोक्यावरचा उरलेला डाय मिशीला लावायचाच तर तिथेही आधी टेस्ट करा. भुवयांना आणि पापण्यांना कधीच नाही, डोळे जाऊ शकतात.

आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीतल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं. तुमच्या न्हाणीतल्या बादलीला तांबूस थर धरत असेल तर तोच केसांवरही बसतो आणि रंग मळकट करतो. अशा घरी मी रंगाआधी आठवडाभर क्लॅरिफाइंग शॅम्पू, म्हणजे केसांवर साचलेले थर काढणारा शॅम्पू, वापरायला सांगते आणि रंग नळाच्या पाण्यानं धुवायला सांगते.

पावसाळ्याच्या दमटपणात घाम येतो आणि रंग कपाळावर ओघळतो. खिडकी उघडी ठेवा, पंख्याखाली बसा, केसांच्या कडेनं कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन लावा.

रंगवल्यावर दोन दिवस शॅम्पू नाही. समुद्र आणि स्विमिंग पूल तर त्याहूनही जास्त दिवस टाळा. मिरामारच्या खारट पाण्यात आणि उन्हात तांबडी शेड सगळ्यात आधी उडते.

आणि तरीही बिघडलंच तर

त्याच रात्री त्यावर दुसरा रंग लावू नका. केशरी आलं म्हणून ॲश, हिरवट आलं म्हणून लाल, आणि शेवटी सगळ्यावर काळा, असे थर चढलेलं डोकं सुधारायला महिने जातात. रंग हवा त्याहून गडद झाला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच क्लॅरिफाइंग शॅम्पूनं दोन-तीनदा धुवा, थोडा उतरतो. केशरी आलं असेल तर निळा शॅम्पू लावा, पिवळट असेल तर जांभळा. तेवढ्यानं भागलं नाही तर केस बांधा, चवथ साजरी करा आणि नंतर कुठल्याही चांगल्या पार्लरमध्ये जा. जाताना खोका, रिकामी ट्यूब आणि डेव्हलपरची बाटली सोबत न्या. "तपकिरी लावला होता" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही, ट्यूबवरच्या नंबरावरून सगळं कळतं.